दोषी कोण, की दोष कोठे?

९ जानेवारी २०२१ रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागली आणि तेथील १७ अर्भकांपैकी १० अर्भके दगावली. सारे राज्य हादरले. चौकशी समिती नेमली गेली, राज्यातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले आणि पंधरवड्याच्या आत जिल्हा शल्यचिकित्सकांपासून परिचारिकांपर्यंत अनेकांवर निलंबन, बदली अथवा सेवासमाप्तीची कारवाई झाली. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिक महापालिकेच्या रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून पुरवठा तुटला आणि वीसहून अधिक रुग्ण प्राणास मुकले. ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभाग पेटला आणि ११ रुग्णांचा बळी गेला. तेथेही निलंबने झाली. एक वैद्यकीय अधिकारी आणि काही परिचारिका यांना अटक झाली. जानेवारीतला धडा नोव्हेंबरपर्यंत विसरला गेला, असे म्हणण्याची पद्धत आहे. वास्तविक जानेवारीत शिक्षा झाली होती. धडा असा कोणी घेतलाच नव्हता.

एकाच वर्षात तीनदा पहिले पाढे पंचावन्न व्हावेत, याचा अर्थ विचारला जाणारा प्रश्नच कोठेतरी चुकत असला पाहिजे. ‘दोषी कोण?’ हा प्रश्न पोलीस ठाण्यात योग्य होय. रुग्णालयात त्याच्या अगोदर दुसरा प्रश्न विचारावा लागतो : दोष कोठे? कामाच्या कोणत्या टप्प्यावर, कोणत्या सवयीपायी आणि वरच्या कोणाचा कोणता निर्णय लांबल्यामुळे चुकीला वाट मिळाली? हा प्रश्न दुर्घटनेनंतर समितीने विचारून भागत नाही. दुर्घटना घडण्यापूर्वी, दररोज, रुग्णालयाच्या प्रमुखाने तो विचारावा लागतो. रुग्णालयातील नेतृत्वाची कसोटी ती हीच.

चौकशीचा शिरस्ता

सरकारी चौकशीचा शिरस्ता आता ठरून गेला आहे. दुर्घटना घडते, लोकप्रतिनिधी धावून येतात, तातडीने अहवाल मागविला जातो आणि त्या अहवालाने एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे अशी अपेक्षा असते : त्या वेळी कामावर कोण होते? ज्याची पाळी त्याचा दोष, असा हा सरळ हिशेब आहे. २०२३ च्या ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावल्याचे उघड झाले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. पाहणीसाठी आलेल्या एका खासदाराने तेथील प्रभारी अधिष्ठात्यांकडून शौचालय स्वच्छ करून घेतले आणि ते दृश्य राज्यभर दाखविले गेले. शौचालय अस्वच्छ होते हे खरेच. त्याबद्दलचा लोकांचा संतापही रास्त होता. परंतु त्या दृश्याने औषधांचा साठा वाढला नाही, परिचारिकांची रिकामी पदे भरली गेली नाहीत आणि सफाईचे काम कोणी, केव्हा, कोणाच्या देखरेखीखाली करावे हेही ठरले नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असाच तो प्रकार झाला.

या शिरस्त्याचा सर्वांत घातक परिणाम अहवालात दिसत नाही. तो वॉर्डात दिसतो. ज्या परिचारिकेने आपल्या सहकारिणीला निलंबित होताना पाहिले आहे, ती पुढच्या वेळी काय करील? चुकीचे औषध टोचले जाता जाता ऐन वेळी लक्षात आले, तर ती कोणाला सांगणार नाही. यंत्रातून जळका वास आला तर ती एका ओळीची नोंद करून मोकळी होईल, आणि त्या नोंदीचे पुढे काय झाले हे विचारण्याच्या भरीस पडणार नाही. थोडक्यात टळलेले अपघात हे कोणत्याही रुग्णालयाचे मोठे धन असते, कारण त्यांतून कोणाचा प्राण न जाता शिकता येते. भीतीच्या राज्यात हे धन जमिनीत पुरले जाते.

याच राज्यात एका चौकशीने निराळा मार्ग धरला होता. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण मृत्युमुखी पडले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने ते औषध रुग्णाच्या तोंडी घालणाऱ्या हातापाशी चौकशी थांबविली नाही. खरेदी कोणी केली, पुरवठादार कसा निवडला गेला, अन्न व औषध प्रशासनाचे डोळे का मिटलेले होते आणि मंत्र्यांच्या दालनापर्यंत हा धागा कसा जातो, हे सारे त्या आयोगाने उकलून दाखविले. त्या अहवालाचा दरारा आजही आठवला जातो, तो त्यातील कठोर शब्दांइतकाच त्याने घेतलेल्या या मागोव्यामुळे. दोषी माणसे त्यातही सापडलीच; पण दोषाची वाट धुंडाळता धुंडाळता सापडली.

एका कुपीचा प्रवास

रुग्णालयातील कोणतेही काम एका हाताने होत नाही, ही गोष्ट बाहेरून पाहणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. साधे इंजेक्शन घ्या. निवासी डॉक्टर ते केसपेपरवर घाईने लिहितो. परिचारिका ते अक्षर लावते. औषध भांडारात नेहमीच्या कंपनीचे औषध नसते म्हणून दुसऱ्या कंपनीचे, वेगळ्या तीव्रतेचे, येते. ते कपाटात तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या कुपीशेजारी ठेवले जाते. मग पाळी बदलते. जाणारी परिचारिका येणारीला चाळीस रुग्णांची हकीकत दहा मिनिटांत सांगते. त्यातच एखाद्या रुग्णाचा नातेवाईक हाका मारीत येतो. रात्री दोन वाजता कोणीतरी ती कुपी उचलते.

पोटॅशियम क्लोराइडच्या तीव्र द्रावणाची गोष्ट जगभरच्या रुग्णालयांना ठाऊक आहे. ते पातळ न करता शिरेत गेले तर हृदय बंद पडते, आणि त्याची कुपी निर्जंतुक पाण्याच्या कुपीसारखी दिसू शकते. अशी चूक करणाऱ्या परिचारिकेला काढून टाकले तर तिच्या जागी दुसरी येते. कपाट तेच राहते, कुपी तीच राहते आणि रात्रीचे दोन पुन्हा वाजतातच. उलट ते तीव्र द्रावण वॉर्डाच्या कपाटातून उचलून औषध भांडारात कुलुपात ठेवावे, असा निर्णय प्रमुखाने घेतला तर ती चूक करणे जवळजवळ अशक्य होऊन बसते. अनेक देशांच्या रुग्णालयांनी नेमके हेच केले. या उपायाला ना अनुदान लागते, ना नवी इमारत. लागतो तो एक निर्णय. आणि तो निर्णय सुचण्यासाठी कपाटाजवळ रोज उभी राहणारी बाई काय म्हणते, हे ऐकण्याची तयारी.

व्हिएन्नातील हार

योग्य निर्णय झाला म्हणजे सुधारणा झाली, असे मात्र नाही. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि विद्यार्थी बाळंतपणे करीत, दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली पहिल्या विभागात शेकडा ११ हून अधिक माता दगावल्या. दुसऱ्यात शेकडा ३ हूनही कमी. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने कारण शोधून काढले. शवविच्छेदन करून उठलेले डॉक्टर तसेच प्रसूतिकक्षात जात होते. मे १८४७ मध्ये त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम घातला आणि १८४८ साली पहिल्या विभागातील मृत्यूंचे प्रमाण शेकडा दीडच्याही खाली आले.

इतके निर्विवाद यश मिळूनही सेमेलवाइस हरला. त्याच्या नेमणुकीची मुदत वाढविली गेली नाही, त्याला व्हिएन्ना सोडावे लागले आणि १८६५ साली वेड्यांच्या रुग्णालयात त्याचा अंत झाला. वरिष्ठांचा अहंकार हे त्याचे मोठे कारण होते, यात शंका नाही. परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आपले म्हणणे त्याने अनेक वर्षे सविस्तर प्रसिद्ध केले नाही आणि पुढे प्रसिद्ध केलेल्या अनावृत पत्रांत विरोधकांना खुनी ठरविले. ‘तुमच्याच हातांनी या माता मेल्या’ हे सत्य होते; पण ते आरोपाच्या रूपाने आले, आणि आरोप ऐकून कोणी हात धुवावयास जात नाही. आपला बचाव करू लागतो.

हात रोखण्याचा अधिकार

दीडशे वर्षांनी अमेरिकेत हाच प्रश्न दुसऱ्या रीतीने सोडविला गेला. अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या मोठ्या शिरेत नळी घातली जाते. तिच्यातून जंतू शिरले तर रुग्ण दगावू शकतो. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी यासाठी पाच गोष्टींची यादी केली : हात धुवा, रुग्ण पूर्ण झाका व स्वतः टोपी, मुखपट्टी, झगा, हातमोजे घाला, कातडी योग्य जंतुनाशकाने पुसा, शक्यतो जांघेतून नळी घालू नका आणि गरज संपताच ती काढा. यात नवे असे काही नव्हते. प्रत्येक डॉक्टरला हे पाठ होते. नवा होता तो एक निर्णय. डॉक्टरने एखादी पायरी गाळली तर परिचारिकेने त्याला तेथल्या तेथे थांबवावे, आणि थांबविल्यास व्यवस्थापन तिच्या पाठीशी उभे राहील, असे ठरले. मिशिगन राज्यातील शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत ही पद्धत नेण्यात आली. प्रत्येक विभागात एक डॉक्टर आणि एक परिचारिका यांच्यावर नेतृत्व सोपविले गेले, लागणारे सारे साहित्य एकाच गाडीवर ठेवले गेले आणि महिन्याच्या महिन्याला संसर्गाचा आकडा ज्याच्या त्याच्या हाती दिला गेला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांत या विभागांचा मध्यम आकडा हजार नळी-दिवसांमागे २.७ वरून शून्यावर आला.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ कलमांची यादी केली. त्या कामाचे नेतृत्व अमेरिकेतील शल्यविशारद डॉ. अतुल गावंडे यांच्याकडे होते. त्यांच्या वडिलांचे मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यातील उटी. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहण्यात आली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आणि गुंतागुंतीचे शेकडा ११ वरून ७ वर आले. साहजिकच ती यादी जगभर सक्तीची होऊ लागली. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातील १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला, आणि तेथे यादी लागू झाल्यानंतर मृत्यूंत लक्षात घेण्याजोगा फरक पडलेला आढळला नाही.

यादी तीच, मग फळ वेगळे का? या प्रश्नावर तज्ज्ञांत वाद झाला. पण महाराष्ट्रातील शिक्षकाला किंवा कारकुनाला त्याचे एक उत्तर अनुभवाने ठाऊक असते. वरून आलेला तक्ता भरावयाचा म्हणून भरला जातो. काम होण्याआधीच सर्व रकान्यांत बरोबरच्या खुणा पडलेल्या असतात. कागदी घोडे नाचविण्यात कोणत्याही देशाची मक्तेदारी नाही. यादीच्या मागे जोवर हात रोखण्याचा अधिकार नाही आणि तो अधिकार बजावणाऱ्याच्या मागे प्रमुख नाही, तोवर यादी हे एक जादा छापील पान असते.

गडचिरोलीचा दाखला

हे सारे श्रीमंत देशांचे चोचले आहेत, असा आक्षेप येथे घेतला जाईल. त्याला उत्तर विदर्भातूनच मिळते. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत उभी केली. जंतुदोषाची लक्षणे ओळखून बालकाला प्रतिजैविकाचे इंजेक्शन देण्याचा निर्णय या स्त्रियांवर सोपविण्यात आला. मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरला धाडसाचे वाटावे असेच ते पाऊल होते. परंतु त्यामागे नीट शिकविणे होते, प्रत्येक जन्म-मृत्यूची नोंद होती आणि ठरावीक काळाने प्रत्यक्ष जाऊन देखरेख करणे होते. १९९३ ते १९९५ या काळात हजार जन्मांमागे ६२ च्या घरात असलेला या गावांतील नवजात मृत्यूदर तीन वर्षांत २६ च्याही खाली आला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि २०११ साली केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरभेटींची योजना देशभर सुरू केली.

बाल्टिमोरची परिचारिका आणि गडचिरोलीतील गावची आरोग्यदूत यांच्यात साम्य शोधू जाता एकच सापडते. रुग्णाच्या सर्वांत जवळ असलेल्या व्यक्तीला निर्णयाचा वाटा मिळाला, आणि तो देणाऱ्या वरिष्ठाने परिणामाची जबाबदारी मात्र स्वतःकडेच ठेवली. अधिकार खाली आणि जबाबदारी वर, अशी ही रचना आहे. सरकारी रुग्णालयात नेमके उलटे घडते. प्राणवायूच्या टाकीची दुरुस्ती असो वा विजेच्या जुन्या तारा असोत, निर्णयाचा अधिकार वर साचलेला असतो. दुर्घटनेनंतर जबाबदारी मात्र उतरत उतरत रात्रपाळीच्या परिचारिकेपर्यंत येऊन थांबते.

दोन आक्षेप

पद्धतीला दोष देऊ लागलो तर कामचुकारांना रानच मोकळे मिळेल, हा दुसरा आक्षेप गंभीर आहे. पाळी सोडून निघून जाणारे, खासगी दवाखान्यासाठी सरकारी वेळ चोरणारे, रुग्णाच्या नातेवाइकांकडून पैसे उकळणारे लोक नाहीत, असे कोण म्हणेल? त्यांना शासन झालेच पाहिजे. परंतु अनवधानाने झालेली चूक, अपुऱ्या मनुष्यबळामुळे सर्वांच्याच अंगवळणी पडलेली पळवाट आणि जाणूनबुजून केलेली बेपर्वाई या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीला आधार हवा, दुसरीला नवी पद्धत हवी आणि तिसरीलाच तेवढी शिक्षा हवी. तिन्हींना एकाच दोरीने बांधले की चोर सोडून संन्याशाला फाशी जाते, आणि खरा चोर त्या गर्दीत निसटतो.

तिसरा आक्षेप मनुष्यबळाचा. एकेका परिचारिकेवर वॉर्डच्या वॉर्ड सोपविलेले असताना पद्धत सुधारा म्हणणे ही तिची थट्टा ठरेल, असे म्हटले जाते. रिकामी पदे भरलीच पाहिजेत. त्याला पर्याय नाही. मात्र माणसे कमी असतात तेव्हाच कामाची रीत अधिक चोख लागते, हेही तितकेच खरे. शिवाय टंचाई ही वरपर्यंत कळवावी लागते, आणि कळविल्याची तारीख व आलेले उत्तर लोकांना दिसावे लागते. प्रमुखाने दहा पत्रे पाठविली आणि मंत्रालयाने एकाचेही उत्तर दिले नाही, तर दोष कोठे हा प्रश्न मंत्रालयाच्या दारापर्यंत गेलाच पाहिजे. लेंटिन आयोगाने घालून दिलेला पायंडा तोच आहे.

निर्णय कोणी घ्यावयाचा?

या दिशेने एक पाऊल सरकारी कागदावर पडलेलेही आहे. मातामृत्यूंच्या अन्वेषणासाठी केंद्र सरकारने २०१७ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत कोणाचे नाव घेऊ नये, कोणावर ठपका ठेवू नये, विलंब कोठे झाला ते शोधावे, असे तत्त्व सांगितले आहे. महाराष्ट्रात २००७–०९ या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे १०४ असलेले मातामृत्यूचे प्रमाण २०१८–२० मध्ये ३३ वर आले. रुग्णवाहिका, रुग्णालयातील प्रसूती, रक्तपेढ्या, आशा कार्यकर्त्या अशा अनेकांचा त्यात वाटा आहे. सारे श्रेय अन्वेषणाला देता येणार नाही. तरी जे तत्त्व मातामृत्यूंना लावता येते, ते अतिदक्षता विभागाला आणि औषधांच्या कपाटाला का लावू नये, याचे उत्तर शासनाने द्यावयास हवे.

त्यासाठी करावयाच्या गोष्टी फार नाहीत. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात थोडक्यात टळलेल्या अपघातांची स्वतंत्र नोंदवही असावी आणि तिचा शिस्तभंगाच्या कारवाईशी संबंध नसावा. आठवड्यातून एकदा जिल्हा शल्यचिकित्सक, अधिसेविका, औषध भांडारप्रमुख, वीजतंत्री आणि सफाईचा मुकादम यांनी अर्धा तास एकत्र बसून त्या नोंदी वाचाव्यात, प्रत्येक नोंदीवर एक निर्णय घ्यावा आणि मागच्या आठवड्याच्या निर्णयाचे काय झाले ते प्रथम विचारावे. यंत्र असुरक्षित वाटल्यास ते बंद करण्याचा लेखी अधिकार परिचारिकेला असावा. प्रमुखाची नेमणूक प्रभारी नसावी आणि मध्येच त्याची उचलबांगडी होऊ नये. कारण जो उद्या येथे असेल की नाही याची खात्री नाही, तो कपाटातील कुप्यांची जागा बदलण्याच्या फंदात पडत नाही. आणि चौकशी समित्यांचे अहवाल छापून प्रसिद्ध करावेत, म्हणजे भंडाऱ्यात जे कळले ते नगरला कळण्यासाठी तेथे आग लागावी लागणार नाही.

यांपैकी एकाही गोष्टीला कायदा बदलावा लागत नाही. बदलावा लागतो तो वरिष्ठाचा कान. ‘माझ्या रुग्णालयात एकही तक्रार नाही’ असे अभिमानाने सांगणाऱ्या प्रमुखाकडे यापुढे थोडे संशयाने पाहिले पाहिजे. रुग्णालयाच्या प्रमुखाची योग्यता त्याच्या दालनात किती शांतता आहे यावर ठरू नये. रात्री दोन वाजता त्याला दूरध्वनी करण्याची परिचारिकेला भीती वाटते की नाही, यावर ती ठरावी.